परत आलेला डबा

आशाबाईने टीव्हीला जोडायचा डबा दोन्ही हातांनी उचलला, कानाशी नेला आणि नारळ हलवून पाहावा तसा हलवून पाहिला.

"बाई, त्याच्यात पाणी नसते," काउंटरमागून विनोद म्हणाला. "खोबरंही नाई निघन."

पंखे पाहायला आलेलं एक जोडपं हसलं. खुशबूने मान रस्त्याकडे वळवली. ती ब्रह्मपुरीतच होस्टेलवर राहून कॉलेजला होती, रोज याच रस्त्याने जात-येत होती आणि आई नेमकी याच दुकानात डबे हलवून पाहत होती.

आशाबाई हसली नाही. तिने डबा काचेवर ठेवला, पदराने वरची धूळ पुसली आणि शेजारचा दुसरा डबा जवळ ओढला. हा लहान होता, हलका, नुकताच खोक्यातून निघालेला. तिने त्याच्यावरही हात फिरवला.

"एक डाव आणखी सांगा," ती हळू आवाजात म्हणाली.

विनोदने खुशबूकडे पाहिलं, उसासा सोडला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

"हा लहाना. कोरा आहे. याची छत्री, म्हणजे डिश, वेगळी लागते, ते मी लावून देईन. महिन्याले काई भरा लागत नाई. मांगं पेनड्राइव्ह खोचाची, रिमोटचं लाल बटन दाबाचं, झालं रेकॉर्ड. मंग पेनड्राइव्ह काढा, खिशात टाका, पाह्यजे त्याच्या टीव्हीले लावा. दिसते."

"आन हा?"

"हा कंपनीचा. तुमच्या घरी हेच कंपनीची छत्री आहे, म्हणजे नुसता डब्बा बदलला का झालं. चित्र एक नंबर. रेकॉर्ड केलेलं सारं याच्या पोटातच राह्यते. पण खरं सांगतो बाई, एका गुरुजीनं परत आणून देला हा. म्हणून लहान्याच्याच भावात देऊन राह्यलो."

"काऊन परत देला?"

"सांगतलं ना मघाशी. याच्यात घेतलेलं याच्यातच दिसते. गुरुजीचा नातू टीव्हीवर गायला होता. गुरुजीले ते व्याह्याले दाखवाचं होतं. पेनड्राइव्हमधी काई निघे ना. मंग गुरुजी अख्खा डब्बा पिशवीत घालून व्याह्याच्या घरी गेले." विनोदने टाळी वाजवली. "तिथी छत्री दुसऱ्या कंपनीची! टीव्हीवर नुसता निळा पडदा. व्याही म्हणे, गुरुजी, आवाज तरी येऊ द्या."

या वेळी खुशबूही हसली.

"म्हणजे हे घर सोडून कुठीच नाई दिसत?"

"कोणी माईचा लाल काढू शकत नाई."

"आई, झालं ना मंग," खुशबू म्हणाली. "लहाना घे. काकाले पेनड्राइव्हच पाठवाची आहे आपल्याले."

आशाबाईने मान हलवली, पण हात पर्सकडे गेला नाही. ती दुकानाच्या पायरीपर्यंत गेली, आभाळाकडे पाहिलं, परत आली. पोळा होऊन गेला तरी ढग हटत नव्हते. आभाळ भरलं की छत्री काम करते का, हे तिने विचारलं. लाइट गेली तर काय होतं, हे विचारलं. दोन्हीची उत्तरं तिला आधीच मिळाली होती.

ज्याच्यासाठी हे चाललं होतं, तो लहानू तिचा धाकटा दीर. मुलचेऱ्याकडच्या एका आश्रमशाळेत तो चौकीदार होता, बायकोमुलांसह तिथेच राहत होता. पण पोळा, दिवाळी आणि धान निघाल्यावरची दंडार, या तीन वेळी तो घरी नसला असं कधी झालं नव्हतं. नथ्थू, आशाबाईचा नवरा, दंडारीत पुढे गायचा आणि नाचायचा. लहानू त्याच्या डाव्या हाताला उभा राहून डफ वाजवायचा. गाणी सगळी लहानूने जुळवलेली. नथ्थूला एकही ओळ स्वतः सुचत नसे, पण लहानूची ओळ त्याच्या गळ्यातून निघाली की म्हातारी माणसंही बसल्या जागी मान डोलवत.

गेल्या हिवाळ्यात टीव्हीची माणसं गावात आली. शाळेमागच्या आंब्याखाली दंडार उभी राहिली. गाणं झाल्यावर माइक घेतलेल्या मुलीने नथ्थूला विचारलं, हे गाणं कोणाचं? लहानू त्या वेळी तिथे नव्हता. थंडीने कातडं सैल पडून डफ उतरला होता, म्हणून तो मागे शेकोटीवर डफ तापवत बसला होता. टाळ वाजवणाऱ्या पोचूने नंतर त्याला जाऊन सांगितलं की, तुझ्या भावाने सांगितलं, गाणं आमचं आहे म्हणून.

"आमचं म्हणजे कोणाचं?" लहानूने विचारलं होतं.

"ते मले काय माहीत. तुझं नाव मी तं नाई आयकलं बावा."

नथ्थू शपथेवर सांगत होता की नाव घेतलं. घसा सुकला होता, आवाज बारीक निघाला असेल, पण घेतलं. मग लहानू आशाबाईसमोर येऊन उभा राहिला होता. डफ अजून त्याच्या हातात होता, गरम.

"वयनी, तुम्ही सांगा. तुम्ही म्हणसान ते मी मानतो."

हे तो उगाच म्हणाला नव्हता. आशाबाईचे नेम सगळ्या गावाला माहीत होते. सकाळी तुळशीला पाणी घातल्याशिवाय चहा घ्यायचा नाही. दिवेलागणीला महादेवाच्या देवळात दिवा लावून पोथीचा एक अध्याय वाचायचा. आणि तोंडातून खोटं काढायचं नाही. पहिले दोन तिला सोपे वाटत. तिसऱ्यासाठी पुष्कळदा गप्प राहावं लागे.

त्या दिवशी गप्प राहूनही भागणार नव्हतं.

"मी देवळात होती भाऊजी," ती म्हणाली होती.

"हो. तुम्ही देवळातच असता."

एवढं बोलून त्याने डफ भावाच्याच घरातल्या खुंटीला अडकवला होता आणि सकाळच्या गाडीने निघून गेला होता. उन्हाळा गेला, रोवणी झाली. पोळ्याला आशाबाईने बैलांना ओवाळताना दोनदा रस्त्याकडे पाहिलं. तो आला नाही.

आणि आता टीव्हीवाल्यांचा निरोप आला होता. येत्या रविवारी संध्याकाळी कार्यक्रम दाखवणार, एकदाच. नंतर फोनवर येईल का, म्हणून खुशबूने त्या मुलीला विचारलं, तर ती म्हणाली, सगळे कार्यक्रम नाही टाकत. लहानूची त्या वेळी मुलांच्या जेवणाची ड्युटी. त्याने खुशबूला फोन करून सांगितलं, रेकॉर्ड करून पेनड्राइव्ह पाठव. कंडक्टरजवळ दे, मी स्टँडवरून घेऊन घेतो. शाळेत मोठा टीव्ही आहे, त्याले लागते.

"आई," खुशबू आता दबक्या आवाजात म्हणाली, "फोन धरून शूटिंग करतो म्हटलं तं तूच नाई म्हटलं."

"मांगल्या वेळचं पाह्यलं ना. नुसत्या पट्ट्या दिसे. आन कुकरची शिट्टी."

"म्हणून तं आलो ना इथी. मंग ठरव ना."

आशाबाईचा एक हात लहान डब्यावर होता, दुसरा मोठ्यावर. तिने लहान डब्यावरचा हात उचलला, परत ठेवला, परत उचलला. ओठ हलले, पण ते नामस्मरण होतं की आणखी काही, हे खुशबूला कळलं नाही.

"विनोदभाऊ, हा परत आलेला द्या," ती म्हणाली.

"कोणता?"

"गुरुजीचा."

विनोद क्षणभर तिच्याकडे पाहत राहिला. "बाई, मंग परत आणसान तं मी घेणार नाई हां. दोनदा परत आलेला डब्बा तिसऱ्याले कसा विकू?"

"नाई आणत."

गावाकडे जाणाऱ्या जीपमध्ये खुशबू सगळा वेळ बोलत होती. इतकं समजावलं, तरी. विनोदभाऊने चार-चारदा सांगितलं, तरी. आता काकाला काय सांगायचं? चित्र चांगलं म्हणून घेतला का? की लहान्यावर विश्वास नाही बसला? आशाबाई डबा मांडीवर धरून बसली होती. जीप खड्ड्यात आदळली की ती डब्याला पोटाशी घेई.

"काई तं बोल वं आई."

"धान चांगले दिसून राह्यले यंदा," आशाबाई बाहेर पाहत म्हणाली.

घरी नथ्थूने डब्याकडे पाहिलंही नाही. तो ओसरीवर दोर वळत बसला होता. खुशबूने जुना डबा काढला, नवा लावला, फोनवर कोणाशी तरी बोलून आकडे सांगितले. टीव्हीवर चित्र आलं तेव्हा नथ्थूने फक्त एकदा मान वर केली.

"आलं ना? मंग बंद करा. डोकं दुखते."

"बाबा, रविवारी तुम्ही दिसणार आहा."

"मले माहीत आहे मी कसा दिसतो."

खुशबूने रविवारचं रेकॉर्डिंग लावून ठेवलं. सोमवारी तिचा पेपर होता, ती आदल्या दिवशी दुपारीच परत जाणार होती. जाण्यापूर्वी तिने आईला रिमोट शिकवला. आशाबाईला आकडे आणि खुणा ओळखता येत, पण बटणं इतकी बारीक की बोट भलतीकडे पडे. शेवटी ती देव्हाऱ्यातून करंडा घेऊन आली. लाल बटणावर तिने कुंकवाचा ठिपका लावला, कार्यक्रम सुरू करायच्या बटणावर हळदीचा.

"कुंकू म्हणजे घेणं, हळद म्हणजे पाहणं," ती म्हणाली.

"आन मांगं-पुढं कराचं?"

"ते कायले लागते?"

रविवारी दुपारपासून आभाळ खाली आलं. आशाबाई तीनदा अंगणात जाऊन छत्रीकडे पाहून आली. एकदा तर शिडी लावून वरची पानं काढून आली. नथ्थू दिवस कलताच काठी घेऊन उठला.

"कुठी?"

"बांधावर. डुकरं येऊन राह्यली."

"आज?"

"डुकरं टीव्ही पाहत नाई."

तो फाटकापर्यंत गेला, थांबला. पाठमोराच बोलला, "त्यायनं कापलं असन तं? मी तं अर्धा घंटा बोललो होतो. ते दाखवते का एवढं सारं? नेमकं नाव घेतलेलं कापलं असन तं मी खोटा पडतो. म्हणून मले पाहाचंच नाई."

तो गेला.

दिवेलागण झाली. तिने टीव्ही बंदच ठेवला. खुशबूने सांगितलं होतं, टीव्ही बंद असला तरी चालतं, डबा चालू पाहिजे. डब्यावर लहानसा लाल दिवा लागला होता. आशाबाईने घराला कडी घातली, तेलवात घेतली आणि देवळात गेली.

पोथी उघडली. अध्याय वाचता वाचता तिला कळलं की तीच ओवी ती परत वाचते आहे. बोट ओळीवर ठेवून ती पुढे सरकली. गावातल्या कुठल्या तरी घरातून टीव्हीचा आवाज आला, डफाचा. तिचं बोट थांबलं. दोन घरं, मग तिसऱ्या घरातूनही तोच आवाज. गावातली माणसं पाहत होती. देवळाच्या दिव्याची वात फडफडली. ती वाचत राहिली, मोठ्याने, नेहमीपेक्षा मोठ्याने, म्हणजे कानावर दुसरं काही पडू नये. नेम अर्ध्यात सोडायचा नसतो.

ती परतली तेव्हा लाल दिवा विझून हिरवा झाला होता. लाइट गेली नव्हती. नथ्थू रात्री जेवला आणि झोपला. त्याने विचारलं नाही, तिने सांगितलं नाही. शेजारची कमला फाटकाशी येऊन म्हणाली, "वो आशाबाई, मस्त दिसले नथ्थूभाऊ! पण आमचा पोरगा बोंबलत होता, म्हणून बोलणं काई आयकू नाई आलं." आशाबाईने तिला चहाला थांबवलं नाही. तिला आणखी काही ऐकायचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी लहानूचा फोन आला, थेट तिच्या फोनवर. इतक्या महिन्यांनी तो आवाज कानाशी आला तेव्हा ती हातातलं तांदूळ पाखडायचं सूप खाली ठेवून उभी राहिली.

"वयनी, झालं का रेकॉर्ड?"

"झालं भाऊजी."

"मंग उद्याच्या गाडीत देऊन द्या ना पेनड्राइव्ह. चामोर्शीचा कंडक्टर ओळखीचा आहे."

"नाई पाठवता येत."

"काऊन?"

"त्या डब्ब्यातलं त्याच डब्ब्यात दिसते. काढता नाई येत."

पलीकडे मुलांचा गलका ऐकू येत होता. कोणीतरी थाळी पाडली.

"असा कसा डब्बा घेतला वयनी?"

तिने वाकून सूप भिंतीकडे सरकवलं.

"खुशबू सोबत नव्हती का?"

"होती."

"मंग डब्बाच पाठवा."

"त्याले हेच छत्री लागते म्हणे. एक गुरुजी नेऊन पाहून आले."

लहानूने श्वास सोडला. राग होता की काय होतं, तिला ओळखता आलं नाही. "भाऊनं पाह्यलं का?"

"नाई. तेही नाई, मीही नाई. अजून कोणी उघडलंच नाई."

फोन कट झाला. नेटवर्क गेलं की त्याने ठेवला, हेही तिला कळलं नाही.

त्यानंतरचे दिवस तिला घरात धड बसवेना. भांडी घासून झाली की ती परत घासायला काढी. रिमोटवरचा हळदीचा ठिपका पुसट झाला म्हणून तिने पुन्हा लावला. गाडीची वेळ झाली की तिला विहिरीवर काम निघे, कारण विहिरीवरून रस्ता दिसे. खुंटीवरच्या डफावर कोळ्याने जाळं विणलं होतं, ते तिने काढलं, मग कातडं बोटाने दाबून पाहिलं. ओल धरून ते मऊ पडलं होतं. नथ्थू हे सगळं पाहत होता. एकदा म्हणाला, "आपण तरी पाहून घेऊ का?" आणि तिने काही म्हणायच्या आत स्वतःच म्हणाला, "राहू दे."

पेपर संपल्यावर खुशबूचा फोन आला. "काका रागावले असन ना?"

"माहीत नाई."

"आई, खरं सांग. तू तो डब्बा काऊन घेतला?"

आशाबाई चुलीतलं लाकूड मागे सारत होती. "विनोदभाऊनं चांगलं समजावून सांगतलं, म्हणून," ती म्हणाली. हे खरं होतं.

पलीकडून खुशबू हळूच म्हणाली, "अवं बाप्पा," आणि फोन ठेवला.

लहानू आला तेव्हा आशाबाई विहिरीवर नव्हती. ती तुळशीला पाणी घालत होती आणि अजून चहा व्हायचा होता. म्हणजे तो रात्रीच निघाला असणार आणि गडचिरोलीच्या स्टँडवर बसून पहिली गाडी धरली असणार. हातात पिशवी नव्हती. तो फाटकात उभा राहिला.

"पाहतो आन निघतो," तो म्हणाला. "दुपारची गाडी आहे."

"पाय धुवा."

"नाई, पाहतो आन निघतो."

तिने तांब्या त्याच्या हातात दिला. त्याने पाय धुतले.

नथ्थू गोठ्यातून आला आणि दाराशीच थांबला. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही. लहानू खुर्चीत बसला, अगदी कडेला, उठून जाणारं माणूस बसतं तसा. आशाबाईने रिमोट पदराने पुसला आणि हळदीच्या ठिपक्यावर बोट ठेवलं.

आधी धानाची शेतं आली. मग वैनगंगा, मग शाळा, मग आंबे. मग नथ्थू, डोक्याला फेटा, पायात चाळ, आणि डाव्या हाताला लहानू. डफ घुमला आणि नथ्थूने गाणं उचललं. धानाच्या लोंबीत पाखरू लपलं, कोणी बघितलं, कोणी नाही बघितलं. खुर्चीच्या हातावर लहानूची बोटं हलली आणि लगेच थांबली.

गाणं संपलं. माइक घेतलेली मुलगी नथ्थूजवळ गेली. दाराशी उभ्या नथ्थूने चौकट धरली.

पडद्यावरच्या नथ्थूने तोंड उघडलं. पण आवाज त्याचा आला नाही. एक बाई शुद्ध, गोड आवाजात बोलू लागली. वैनगंगेच्या खोऱ्यातील धानपट्ट्यात पिढ्यान्‌पिढ्या जपलेली ही लोककला, वगैरे. नथ्थूचे ओठ हलत होते आणि बाई बोलत होती.

"अरे!" दारातून नथ्थू म्हणाला. "माझा आवाज कुठी गेला?"

पडद्यावर त्याचे ओठ थांबले, गळ्याची गाठ वर-खाली झाली. मग त्याचा डावा हात बाजूला गेला, जिथे लहानू नेहमी उभा असायचा तिथे. हात हवेत राहिला. त्याने वळून पाहिलं, जागा रिकामी होती. मग तो हात आणखी मागे गेला, बोट लांब झालं, आणि कॅमेराही त्या बोटामागे वळला. आंब्याच्या बुंध्यापलीकडे शेकोटी. शेकोटीवर वाकलेली एक पाठ, डफ गोल फिरवत, ज्वाळेच्या जरा वर. एवढंच. मग लगेच दुसऱ्या गावचा कुठला तरी देव आणि जत्रा.

लहानू खुर्चीत पुढे सरकला होता.

"मांगं घ्या वयनी."

आशाबाईने रिमोटकडे पाहिलं. मागे घ्यायच्या बटणावर काहीच लावलं नव्हतं. "मले पहिल्यापासूनच लावता येते," ती म्हणाली.

"लावा मंग."

परत शेतं आली, नदी आली, शाळा आली. परत गाणं झालं. परत बाई बोलली आणि हात बाजूला गेला. या वेळी लहानू ओठांकडे पाहत होता, टीव्हीच्या इतक्या जवळ जाऊन की काचेवर त्याच्या श्वासाचा डाग उमटला. ओठांवरून काही कळेना.

"परत लावा."

तिसऱ्यांदा लावलं तेव्हा नथ्थू आत येऊन भिंतीशी जमिनीवर बसला होता. शेकोटीवरची पाठ दिसताच तो हळू म्हणाला, "फार थंडी होती त्या दिवशी."

"डफ उतरलाच होता," लहानू म्हणाला. त्याची नजर पडद्यावर होती. "तापवल्याबिगर वाजला नसता."

"मी म्हटलं त्या पोरीले, थांब, येऊन राह्यला तो. तं म्हणे, उजेड जाते."

जत्रेचे ढोल वाजत होते, आशाबाईने आवाज कमी केला. बाहेर कोंबडी ओरडली. दुपारची गाडी अजून पुष्कळ लांब होती.

"वयनी," लहानू मान न वळवता म्हणाला, "दुकानात पेनड्राइव्हवाला डब्बा नव्हता का?"

नथ्थूने बायकोकडे पाहिलं. तिच्या हातातला रिमोट खाली गेला, हळदीचं बोट पदरात लपलं.

"होता," ती म्हणाली.

लहानू वळला. तो तिच्याकडे पाहत राहिला, आणि तिला वाटलं, आता तो पुढचं विचारेल. त्याचंही उत्तर तिला द्यावंच लागणार होतं. पण त्याने विचारलं नाही. तो उठला, खुंटीपाशी गेला, डफ काढून हातावर तोलला आणि मधल्या बोटाने एकदा वाजवला. आवाज बसका, ओला निघाला.

"पार उतरला आहे," तो म्हणाला. "चूल पेटली का?"

आशाबाई आत गेली. चहाचं आधण ठेवलं होतं, ते तिने उचलून बाजूला ठेवलं आणि चुलीत आणखी एक लाकूड सारलं.